भातगिरणीची वही : आबांच्या आठवणींच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, लालबाग

चाळ पुनर्विकासात जाणार. मेअखेर गावाची खोली रिकामी करून द्यायची आहे. आजच्या बैठकीत बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. दुसऱ्या माळ्यावरच्या या एका खोलीत एकेकाळी आमच्या वाडीचे वीस-पंचवीस पुरुष राहत. गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायची पाळीही वेगळी. प्रत्येकाची वळकटी आणि पत्र्याची पेटी तेवढी स्वतःची. भिंतीच्या फळीवर गावच्या मुंबईकर मंडळाचे जुने जमाखर्च अजून बांधून ठेवलेले आहेत.

शेवटी चिटणीसकाकांनी विषय काढला. सामान हलायच्या आधी आबांचं काम हातात घ्यायचं. गावच्या वाचनालयात एक फलक लावायचा, त्यांना पाहिलेल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, घरात असतील त्या कागदांच्या प्रती काढून ठेवायच्या. काम माझ्याकडे आलं. मी सांताक्रूझला विमानांच्या देखभालीत आहे, आणि काका म्हणाले, "तुका त्यातला कळता."

आबांना गाव 'इमानवाले आबा' म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धात ते विमान चालवत होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला त्यांनी बॉम्ब टाकले, हे लहानपणापासून ऐकलेलं. नव्वदी पार करून ते गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत ताठ चालायचे, आणि कुणाच्याही घरात शिरले की आधी छपराकडे बघायचे.

११ फेब्रुवारी, भांडुप

आबांच्या लेकीकडे गेले. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, आवाज खणखणीत. पलंगाखालची काळी ट्रंक त्यांनी स्वतः ओढून काढली.

वर लष्करातून सुटल्याचा दाखला. त्यावर टंकलेलं आहे : ट्रेड – फ्लाइट रिगर. म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, शेपूट, चाकं, सुकाणूच्या तारा हे सगळं सांभाळणारा कारागीर. वैमानिक नव्हे. माईंना याचं काहीच आश्चर्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "बाबा कधी म्हणाक नाय, मी इमान चालवलंय म्हणान. लोकांनीच तेंका वर चढवल्यानी. कोणी इचारल्यान तर म्हणत, उडवणारो येगळो, माझा फकत शेपूट."

खाली फडक्यात बर्मा स्टार. सहा टोकांचा तारा, रिबिनीचा निळा रंग विटलेला, मधला तांबडा पट्टा अजून उठून दिसतो. त्याच्याही खाली लांबट वह्यांचा गठ्ठा. प्रत्येक वहीच्या कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली. पुठ्ठ्यावर एकच शब्द : गिरण.

पहिली वही उघडली. पानाच्या डोक्यावर आबांच्या अक्षरात :

"तेल पाहिले. पाणी पाहिले. क्रूड पाहिले. पट्टा पाहिला. नट आवळले. पदर खोचला, केस बांधले. इंजिन चालू करण्यास योग्य."

खाली तारीख, वेळ आणि सही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, सही वेगळी. तिसऱ्या दिवशी अंगठा. पानंच्या पानं अशी. मी माईंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "गिरणीची वही. ता तुका ठावक नाय?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या जन्माआधीच गिरण बंद पडली होती. पण हे पान कशाचं आहे ते मला लगेच कळलं, कारण असंच पान मी रोज भरते.

१८ फेब्रुवारी

वह्या माईंनी विश्वासाने दिल्या आहेत. खिडकीजवळ टेबल, खाली काळं कापड, वर स्टँडला उलटा लावलेला कॅमेरा. आधी मऊ ब्रशने धूळ, मग गंजलेल्या टाचण्या सोडवणं. दोन वह्यांना कसर लागली आहे, एकीची कड वाळवीने नेली आहे. पानं बरीचशी शाईच्या पेन्सिलीने लिहिलेली. ओल लागली तिथे जांभळी पसरली आहेत. पानाला हात लावायचा तो कोरडाच.

२ मार्च

मंडळाच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार आहे, म्हणून इथे नीट लिहून ठेवते.

ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक विमानामागे एक दप्तर असे, फॉर्म ७००. त्याच धर्तीवर आपलं हवाई दल चाले. उड्डाणाआधी इंजिन पाहणारा, सांगाडा पाहणारा, बंदुका पाहणारा, वायरलेस पाहणारा, प्रत्येकाने आपापलं काम तपासायचं आणि आपल्या नावापुढे सही करायची. मग वैमानिकाने ते वाचून खाली सही करायची, म्हणजे विमान आता त्याच्या ताब्यात. काही बिघाड आढळला तर तोही तिथेच लिहायचा, आणि तो दूर झाल्याची सही होईपर्यंत विमान जमिनीवर. आज आमच्याकडे त्याला टेक लॉग म्हणतात, आणि दुरुस्तीनंतर परवानाधारकाने सही केल्याशिवाय दोनशे माणसं बसलेलं विमानसुद्धा जागचं हलत नाही. सही करणाऱ्याचं नाव त्या कागदावर राहतं. काही घडलं तर चौकशी पहिल्यांदा त्या पानाकडे येते.

आबांनी गावाला परत येताना ही पद्धत बरोबर आणली. बंदूक, गणवेश, युद्धाच्या गोष्टी, काही नाही. हे पान आणलं आणि भातगिरणीच्या खिळ्याला टांगलं.

२६ मार्च, गावी (शिमगा)

पालखी आमच्या वाडीत असल्यामुळे सगळी म्हातारी माणसं एकाच अंगणात सापडली. रेकॉर्डर खिशात ठेवूनच फिरत होते, पण परवानगी विचारल्याशिवाय चालू केला नाही.

गिरणीची हकिगत आता जुळते आहे. पन्नासच्या दशकात वाडीत पुरुष असे ते म्हातारे नाहीतर शाळकरी. कमावते सगळे मुंबईत. भात कांडायचं काम बायकांचं. पहाटे उठून व्हायनाजवळ, म्हणजे जमिनीतल्या उखळाजवळ, मुसळ घेऊन उभं राहायचं, मग बाकीचा दिवस. मुंबईच्या खोलीत वर्गणी काढून जुनं डिझेल इंजिन आणि हलर, म्हणजे भात सडायचं यंत्र, घेतला गेला. तो चालवायला माणूस ठेवायचा तर पगार कुठून आणायचा? आबा म्हणाले, रोज एका घराची पाळी. त्या घरातल्या माणसाने इंजिन सुरू करायचं, दिवसभर राखायचं, संध्याकाळी कोंडा झाडून कुलूप लावायचं. आणि घरात माणूस म्हणजे बाईच होती.

अंगणात बसलेल्या आजींपैकी एकीने अजून हात फिरवून दाखवला : डावा हात वरच्या लिव्हरवर, उजव्या हाताने हँडल, फ्लायव्हीलला वेग आला की लिव्हर सोडायचा आणि हँडल ओढून बाजूला व्हायचं. "अंगठो हँडलाच्या वरसून नाय घालूचो. उलटा फिरला तर मोडतला." ही सूचना कुठल्याही चांगल्या वर्कशॉपात आजही देतात. मग दुसरीने सुरू केलं, तेल पाहिले, पाणी पाहिले, आणि बाकीच्या तिच्यात मिसळल्या. सत्तर-ऐंशी वर्षांच्या बायका शाळेतल्या पाढ्यांसारखी ती यादी म्हणत होत्या. रेकॉर्डिंगमध्ये मागे ढोल आहे, तो काढणार नाही.

"पयल्यांदा वही, मगे हँडल. सही केल्याबिगर इंजिनाक हात लावूचो नाय." हे वाक्य इतक्या जणींनी सांगितलं की फलकावर ते हवंच.

लढाईचं विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. आबा त्या विषयाला उठून जायचे. एक गोष्ट मात्र शाळेत शिपाई असलेल्या काकांनी सांगितली. पंधरा ऑगस्टला गावाने आबांना मेडल लावून पुढे उभं राहायचा आग्रह केला, एकदा नाही, कित्येक वर्षं. ते आदल्या संध्याकाळी येत, झेंड्याच्या खांबाची कप्पी उतरवून तेल घालत, दोरी वीत वीत तपासत. दुसऱ्या दिवशी मेडलशिवाय मागच्या रांगेत उभे राहत.

७ एप्रिल

इंफाळ. दाखल्यावरची तुकडी आणि काळ पाहता आबा १९४४ मध्ये हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनबरोबर तिथे होते. ही आपल्या हवाई दलाची सर्वांत जुनी स्क्वाड्रन, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिलेली. इंफाळला तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, तेच पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते आणि २००२ मध्ये त्यांना मार्शल ही पदवी मिळाली.

विमान हरिकेन. गावात ज्यांनी ज्यांनी त्याची कल्पना केली, त्यांनी ते पूर्ण पत्र्याचं केलं. प्रत्यक्षात वैमानिकामागचा त्याचा अर्धा देह असा होता : आत धातूच्या नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं लिननचं कापड. कापडावर डोप नावाचं द्रावण चढवायचं. ते वाळताना कापड आवळतं आणि ताठ होतं. गोळी लागली की भोकाच्या कडा साफ करायच्या, फाटलं असेल तर टाके घालायचे, वर गोल ठिगळ डोपने चिकटवायचं, पुन्हा डोप, पुन्हा रंग. हे रिगरचं काम. इंजिन पूर्ण ताकदीने तपासताना शेपूट उचललं जाऊ नये म्हणून दोघं-तिघं त्यावर आडवे पडत. आबा जे म्हणत, 'माझा फकत शेपूट', ते शब्दशः खरं होतं.

डोपमध्ये जे असतं तेच, नायट्रोसेल्युलोज, नेलपॉलिशमध्ये असतं. वासही तोच. माईंनी सांगितलं, नातीने बाटली उघडली की पडवीतून आबांचा आवाज यायचा, "इंफाळ इला." त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

मार्च १९४४ च्या अखेरीस जपानी सैन्याने कोहिमाकडचा रस्ता तोडला आणि इंफाळचं खोरं वेढलं गेलं. रस्ता पुन्हा मोकळा झाला २२ जूनला. मधल्या काळात अन्न, दारूगोळा, पेट्रोल सगळं विमानाने आत यायचं. लढाईला उपयोगी नसलेली सुमारे ४३,००० माणसं त्याच विमानांतून बाहेर नेली गेली. हरिकेन शत्रूच्या हालचाली टिपायला डोंगरांवरून खाली खाली उडत. पावसाळा लागल्यावरही उडत होती. दिवसा विमानं सांभाळायची आणि रात्री धावपट्टीच्या कडेला खंदकात रायफल घेऊन बसायचं, असं जमिनीवरच्या माणसांचं जिणं होतं. आबा तेव्हा विशीत होते.

कोंदट पावसात कापड आणि डोप वाळवणं किती कठीण, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गावी आल्यावर ते मचव्यांची शिडं शिवून द्यायचे. तो टाका एका खलाशाच्या मुलाने मला दोरा घेऊन करून दाखवला. आता त्याचं चित्रीकरणही आहे.

१४ एप्रिल

आज मुद्दाम या तारखेबद्दल.

१४ एप्रिल १९४४, दुपारी चार वाजून सहा मिनिटं. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, त्याच पोटात कापसाच्या गासड्या, सोन्याच्या विटा आणि खोक्यांत भरलेली स्पिटफायर विमानं. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही या दिवशी देशभर त्यांना मानवंदना दिली जाते.

आबांचे थोरले भाऊ गोदीत मजूर होते. रात्रपाळी असल्याने त्या वेळी लालबागला, याच खोलीत झोपलेले होते. खिडक्या हादरून जागे झाले, ही गोष्ट मंडळातल्या जुन्या माणसांनी त्यांच्याच तोंडून ऐकलेली आहे. सरकारने बातमीवर बंदी घातली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती सविस्तर सांगितली, पण इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. भाऊ लढाईवर म्हणून मुंबईतलं घर घाबरलेलं, आणि स्फोट मात्र मुंबईत झाला. माईंकडे थोरल्यांनी आबांना पाठवलेलं कार्ड आहे. त्यात गोदीचं अक्षरही नाही. "मी खुशाल आहे, पाळी रात्रीची आहे." एवढंच. वाचणाऱ्याला हवं ते कळावं आणि सेन्सॉरला काही सापडू नये, असं ते लिहिलेलं आहे. या कार्डाची प्रत फलकावर घ्यायची.

त्याच दिवशी, १४ एप्रिल १९४४ लाच, इंफाळच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटरवर मोइरांग इथे आझाद हिंद सेनेचे कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. आबा ज्या धावपट्टीवर ठिगळं लावत होते तिथून हे अंतर हरिकेनला काही मिनिटांचं.

हे मंडळापुढे मांडावंच लागेल. टाळून चालणार नाही.

२१ एप्रिल, लालबाग

मांडलं. बैठक लांबली.

निवृत्त शिक्षक असलेल्या एका काकांनी सरळ विचारलं : म्हणजे आबा नेताजींच्या विरुद्ध लढले? मग आपण त्यांचा फलक का लावतो आहोत? त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या घरात नेताजींची तसबीर आहे. दुसऱ्या बाजूने तरुण मुलांचं म्हणणं, युद्धाचा तपशील कशाला, 'महायुद्धातील शूर वैमानिक' एवढं लिहा आणि लढाऊ विमानाचं मोठं चित्र टाका, फोटो छान येतील.

मी दोन्हींना नाही म्हटलं. माझं म्हणणं इथे सविस्तर लिहिते, कारण बैठकीत सगळं बोलता आलं नाही.

आबा ज्यात होते ते दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झालं; आपण तोच दिवस आजही वायुसेना दिन म्हणून पाळतो. सत्ता ब्रिटिशांची होती, हुकूम त्यांचे होते. तरी जी माणसं त्या दलात विमान उडवायला आणि सांभाळायला शिकली, त्यांनीच ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला डाकोटा विमानं उतरवली आणि १९४८ मध्ये लेहला पहिलं विमान नेलं. लेहला ते विमान घेऊन जाणारे मेहर सिंग महायुद्धात त्याच ब्रह्मदेश आघाडीवर लढले होते. आणि मोइरांगला ज्यांनी झेंडा लावला, ते देशासाठी सगळं सोडून आले होते. त्यांच्यातले कितीतरी पुढच्या पावसात उपासमारीने आणि मलेरियाने माघारीच्या वाटेवर मेले. या दोहोंपैकी एक पुसून दुसरं लिहिणं मला मान्य नाही. विशीतला कोकणातला मुलगा नोकरी शोधत भरतीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला काय माहीत असतं, आणि पुढे सगळं कळल्यावर तो मेडलचं काय करतो, हे दोन्ही आपल्यासमोर आहे. ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं मेडल माझ्यासाठी पुरेसा पुरावा आहे.

कप्पीची गोष्ट सांगितली तेव्हा शिक्षककाका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मोइरांगचं नाव फलकावर असेल तर माझी हरकत नाही. ते असणारच आहे.

चित्राचा निर्णय पुढे ढकलला.

२८ एप्रिल, लालबाग

आजच्यासारखी गर्दी खोलीत गणपतीनंतर प्रथमच पाहिली. वाडीतून लग्न होऊन आलेल्या किंवा नंतर मुंबईत मुलांकडे राहायला आलेल्या बायकांना बोलावलं होतं. विरार, डोंबिवली, दिवा, चिंचपोकळी. वहीची पानं मोठी करून भिंतीवर लावली होती, तारखेच्या क्रमाने, आणि जमिनीवर चटया.

क्रमाने लावल्यामुळे मला एकटीला पडद्यावर न दिसलेली गोष्ट सगळ्यांना एकदम दिसली. पहिल्या वहीत अंगठेच अंगठे आहेत. अंगठ्याशेजारी आबांच्या अक्षरात 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको'. चार-पाच महिन्यांनी एका अंगठ्याखाली पेन्सिलीने काढलेलं एक वेडंवाकडं अक्षर. पुढच्या पाळीला दोन अक्षरं. मग अंगठा नाही, पूर्ण नाव, ओळीबाहेर गेलेलं. आणि ते नाव 'अमक्याची आई' नाही, तिचं स्वतःचं. वहीच्या मागच्या पानांवर आबांनी ठिपक्याठिपक्यांनी नावं काढून दिली आहेत, गिरवायला.

भांडुपहून माई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते रेकॉर्डिंगमधून जसंच्या तसं : "बाबा म्हणत, अंगठो कोणाचोय तो माका वळखूक येवचो नाय. सही होयी. इंजिनाक काय झाला तर मी कोणाक इचारू? जेच्या हातात हँडल, तेचा नाव वहीत." साक्षरतेचा वर्ग काढलाय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. नियमाला सही लागत होती, म्हणून सही शिकवली.

दिव्याहून आलेल्या एक बाई एका पानापाशी थांबल्या. त्यांच्या आईचं नाव. आईला लिहिता येत होतं हे त्यांना माहीतच नव्हतं; बँकेत, रेशनवर ती अंगठाच द्यायची असं त्या म्हणाल्या, कारण तिथे कुणी वेळ देत नसे. त्यांनी त्या पानाचा फोटो काढून भावांना पाठवला. मग एकेक जण आपली आई, आजी, सासू शोधायला लागली. दोन आज्यांना स्वतःच्याच सह्या सापडल्या. एकीने कागद मागून घेतला आणि आज कशी सही येते ते पाहिलं. 'व'चं गोल तेव्हासारखंच उघडं राहतं.

खूप आवाज होता, रेकॉर्डिंगचा काही भाग वापरता येणार नाही. तरी या कामातला माझ्यासाठी सगळ्यात मोठा दिवस आजचा.

५ मे

जमाखर्च चाळले. आपल्याच फळीवरची बाडं, पण वहीशी कुणी कधी जुळवून पाहिली नव्हती.

१९५८ च्या वहीत श्रावणातलं एक पान पूर्ण लाल पेन्सिलीत आहे : "पट्टा विरला आहे. चालू करू नये." खाली आबांची सही, आणि पुढचे कित्येक दिवस रोज तेच वाक्य, रोज नवी सही. गणपती तोंडावर आलेले. घरोघर भात पडलेलं, तांदूळ नाही. गावात त्याची आठवण अजून आहे, कारण भांडणं झाली होती. एवढासा विरलेला पट्टा, दोन दिवस चालेल, असं म्हणणारे खूप होते. आबांनी वही खिळ्यावरून काढून घरी नेली. वही नाही म्हणजे सही नाही, सही नाही म्हणजे इंजिन नाही. बायका पुन्हा मुसळाकडे वळल्या आणि आबांना बोल लावत राहिल्या. आबाही आपल्या घरचं भात स्वतः कांडत होते, हे माईंना लख्ख आठवतं.

मंडळाच्या बाडात त्याच दिवसांतली नोंद सापडली : "गिरणीकरता पट्टा, नागदेवी स्ट्रीट." किंमत, आणि खाली "एस.टी.ने कोल्हापूरमार्गे रवाना". पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून घाटावरून. त्यापुढे वहीत निळ्या शाईत : "नवा पट्टा बसविला. ताण पाहिला. चालू करण्यास योग्य." ही सही आबांची नाही. ज्या घराची त्या दिवशी पाळी होती तिथल्या बाईची आहे. आबांनी तिच्याकडून बसवून घेतला असणार. आम्ही शिकाऊ मुलांकडून करून घेतो तसंच.

ही दोन पानं, गावची आणि मुंबईची, शेजारी शेजारी छापायची. चित्राचा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

१२ मे

मजकूर मंजूर. वर आबांचं पूर्ण नाव, खाली :

"दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलात फ्लाइट रिगर. १९४४ च्या वेढ्यात इंफाळच्या धावपट्टीवर हरिकेन विमानांची देखभाल केली. समोर जपानी सैन्याबरोबर आझाद हिंद सेना होती. याच दिवसांत मोइरांग येथे तिने तिरंगा फडकवला. युद्धानंतर गावी परतून मुंबईकर मंडळींच्या वर्गणीतून वाडीची भातगिरण उभी केली. वाडीतील स्त्रियांना इंजिन चालवायला आणि आपल्या नावाची सही करायला शिकवले."

त्याखाली वहीचं पान, बाडाचं पान, थोरल्या भावाचं कार्ड. हरिकेनचं रेखाचित्र लहान, उजव्या कोपऱ्यात, कापडाचा भाग वेगळ्या रंगात दाखवलेला, म्हणजे शाळेतल्या मुलांना रिगरचं काम कुठलं ते कळेल. तरुण मुलांनी मोठ्या चित्राचा आग्रह सोडला. त्यांतल्याच एकाने हे रेखाचित्र काढून दिलं आहे आणि ते सुरेख आहे. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात हरिकेन जपून ठेवलेलं आहे, ते पाहायला जायचं त्यांच्यात आता चाललं आहे.

'पदर खोचला, केस बांधले' ही ओळ छापू नये असं एकांना वाटलं, बरं दिसत नाही म्हणून. ठेवली. फिरत्या पट्ट्यापाशी काम करणाऱ्या बाईच्या जिवाची काळजी त्या ओळीत आहे, आणि यादीत ती तेल-पाण्याच्या बरोबरीने आहे.

२ जून

पाऊस लागायच्या आधी सगळं गावी पोचवायचं होतं, पोचलं. मूळ वह्या माईंच्या इच्छेने वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, आम्लविरहित कागदात गुंडाळून. छायाचित्रांचा एक संच वाचनालयाला, एक मंडळाला, एक माईंच्या घरी. मुलाखतींना तारखा आणि विषयांची यादी जोडली आहे. मेडल माईंकडेच राहील. ते फलकाशेजारी काचेत लावायचं सुचवलं गेलं, पण माई नको म्हणाल्या आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

खोली काल ताब्यात दिली. बाडं सध्या चिटणीसकाकांच्या घरी.

राहिलेलं काम : पहिल्या दोन वह्यांतल्या बऱ्याच अंगठ्यांची ओळख पटायची आहे. शेजारी फक्त 'थोरली', 'खालच्या घरची' असं लिहिलं आहे. वाडीतून बाहेर दिलेल्या लेकींची यादी माई तोंडी सांगत आहेत, मी उतरवून घेते आहे. पुढच्या रविवारी विरारला दोघींकडे जायचं आहे, त्यांच्यापैकी एक खालच्या घरची नात आहे. पानं मोठ्या अक्षरात छापून न्यायची, त्यांना आता बारीक दिसत नाही.